अनंतावरची चादर

अमेरिकेत, अल्फारेटाच्या आमच्या घरासमोर अनंताची तीन झाडं होती. इथे त्यांना गार्डेनिया म्हणतात. वैशाख पौर्णिमेच्या सुमाराला ती फुलायची आणि बुद्धाच्या मूर्तीपुढे ठेवायला घरचीच पांढरी फुलं मिळायची. बाबा गेल्यावर मी आईला नागपूरहून कायमची राहायला आणलं, तेव्हा आमच्याकडची तिला मनापासून आवडलेली गोष्ट ही एकच. बाकी घर तिला हॉटेलसारखं वाटायचं, आणि तसं ती बोलूनही दाखवायची.

जॉर्जियात थंडी तशी बेताची, पण त्या जानेवारीत पारा उतरला तो उतरलाच. झुडपं झाका, असं टीव्हीवर सांगत होते. ऑफिसला निघता निघता मी आईला म्हटलं, "गराजमध्ये जुन्या चादरी आहेत, थंडी असेपर्यंत रोज झाडांवर टाकशील." बायको आणि मी, दोघंही नोकरीवाले. घरी यायला अंधार पडायचा, झाडांकडे बघतो कोण?

शनिवारी सकाळी नऊला खिडकीतून पाहिलं, तर आई साडीवर माझा कोट चढवून अनंतावर चादर पसरत होती. मी बाहेर गेलो.

"आता कशाला झाकतेस?"

"रोज याच वेळेला झाकते. संध्याकाळी काढून घेते. रात्री झाडाला मोकळी हवा लागते न, बाबू."

नागपुरात मे महिन्यात असंच करतात. दिवसा उन्हासाठी ओलं पोतं टाकायचं, दिवस मावळला की काढायचं. तिने जन्मभर तेच केलेलं. इथे सगळं उलट, रात्री झाकायचं आणि दिवसा उघडायचं, हे मी तिला सांगितलंच नव्हतं. चार रात्री झाडं कडाक्याच्या थंडीत उघडी होती.

मी तापट आहे, आणि माझा राग नेमका घरच्यांवरच निघतो. मी म्हणालो, "इथलं तुला काही कळत नाही तर कशाला हात लावतेस?" तिने चादरीची घडी घातली, पायरीवर ठेवली आणि आत गेली.

आठवड्याभरात पानं करपल्यासारखी झाली. आणि आईने घरात कशालाच हात लावायचं सोडलं. गॅस पेटवू का, नळ सोडू का, टीव्ही लावू का, सगळं विचारून. मला ते टोचत होतं, पण माघार कोण घेणार? फेब्रुवारीत ती म्हणाली, "मी नागपूरला तुझ्या मावशीकडे राहायला जाते. तिकडचं ऊन उतरलं की, जूनचं तिकीट काढ." मीही हट्टाने काढलं. आजही त्याची लाज वाटते.

मार्चमध्ये मी फावडं घेऊन झाडं उपटायला निघालो. शेजारचे रिटायर्ड गृहस्थ कुंपणापाशी आले. त्यांनी एका फांदीची साल नखाने जराशी खरवडली. आत हिरवं होतं. ते म्हणाले, एवढ्यात कापू नका, खत घालू नका, माती कोरडी पडली तरच पाणी द्या. कोंब कुठून फुटतात ते आधी दिसू दे, मग त्याच्या वरचं वाळलेलं तेवढं कापा.

मी हे आईला सांगितलं. वाट बघणं मला कधीच जमलं नाही. ती मात्र रोज सकाळी झाडांपाशी जाऊन उभी राहायची. शेजारी तिला हात करायचे, तीही करायची.

एप्रिलच्या मध्यावर तिने मला हाक मारली. दोन झाडांना गुडघ्याच्या उंचीवर बारीक हिरवे डोळे फुटले होते. तिसऱ्याला बुडाशी एकच.

त्या रविवारी आम्ही छाटणी केली. मी कात्री चालवत होतो, ती वाळक्या फांद्या वाकवून धरत होती. एवढं कापल्यावर यंदा फूल येणार नव्हतं, हे शेजाऱ्यांनी आधीच सांगितलं होतं. पौर्णिमेला दुकानातून फुलं आणावी लागतील, असं मी म्हणालो. ती म्हणाली, चालतं. मग मी बोलून गेलो, "आई, चुकलं माझं. सांगायला हवं होतं मीच. आणि तसं बोलायला नको होतं."

तिने हातातली फांदी सोडली नाही.

"हे त्याच दिवशी म्हणाला असतास तर मी तिकीट मागितलं नसतं."

"मग कॅन्सल करू?"

"नको. तुझ्या मावशीने माझ्यासाठी खोली रिकामी केली आहे. अन् तिच्याकडे मला काही विचारावं लागत नाही." मग तिने पुढची फांदी वाकवून धरली. "इथून काप. कोंब सांभाळ."

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी तिला विमानतळावर सोडून आलो.