एकशे सातवर थांबलेला पारा

१९८४ च्या मे महिन्यात, एका रविवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास, वडिलांनी आमच्या ड्रायव्हरला अकरा वर्षांच्या नोकरीनंतर काढून टाकलं. कारण तापाचा थर्मामीटर.

गाडीचा एसी महिनाभर गरम वारा फेकत होता. ड्रायव्हरने तो सदर भागातल्या मिस्त्रीकडून दुरुस्त करून आणला. वडील वकील. आदल्या संध्याकाळी त्यांनी सांगून ठेवलं होतं की गारवा आला नाही तर चावी टेबलावर ठेवायची आणि खाप्याला परत जायचं. खापा हे त्याचं गाव.

तपासणी धंतोलीत, आमच्या घरीच झाली. ड्रायव्हरने गाडी पोर्चमधून उघड्या अंगणात काढली; धूर कोंडायला नको, म्हणाला. हँडब्रेक ओढून चाकाखाली वीट सरकवली. गळती पाहायला एसीच्या गॅसच्या नळीच्या जोडांवर साबणाचं पाणी लावलं. एकही बुडबुडा आला नाही. मग काचा चढवून पंधरा मिनिटं इंजिन आणि एसी चालू ठेवला.

वडील उन्हात उतरले नाहीत. व्हरांड्यातल्या खुर्चीवरून त्यांनी थर्मामीटर मागितला. तो मी कपाटातून काढून दिला. मे महिन्यात त्या कपाटात पारा आपोआप चढायचा, आणि तापाच्या थर्मामीटरचा पारा झटकल्याशिवाय उतरत नाही. मी झटकला नाही. ड्रायव्हरने तो हवेच्या जाळीशी पाच मिनिटं धरला. परत घ्यायला मी गाडीचं दार उघडलं तेव्हा मनगटाला गार हवा लागली.

वडिलांनी चष्मा लावून वाचलं. एकशे सात.

"साहेब, एकदा हात लावून पाहा ना," ड्रायव्हर म्हणाला. "थंडी हवा येऊन राहिली."

"तुझ्या खाप्यात याला थंड म्हणतात का रे?"

शेजारचे गृहस्थ कुंपणाशी उभे होते. ते हसले. ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं. मला कोणी काही विचारलं नाही. मीही काही सांगितलं नाही.

चावी टेबलावर ठेवून तो फाटकाबाहेर पडला, तेव्हा आई स्वयंपाकघरातून आली. तिने थर्मामीटर उचलून पाहिला.

"अहो, झटकला होता का?"

"निकाल झालाय," वडील म्हणाले.

गुरुवारी नवा ड्रायव्हर आला. कोर्टात जाताना वडिलांनी त्याला एसी कमी करायला सांगितलं. खांद्याला गार लागत होतं. जुन्या ड्रायव्हरला बोलावणं गेलं नाही.