रिकामा पेला

शालिकराम मास्तर शाळेच्या ओट्यावर बसून कागद वाचत होते आणि मनकर्णा पुढ्यात बसून ऐकत होती.

"'मदतीच्या दुधाच्या बदल्यात पैसा, धान्य, भाजीपाला, काहीही घेता येणार नाही. घेतल्याचं दिसल्यास केंद्र त्याच दिवशी बंद होईल आणि वाटणाऱ्यावर खटला भरला जाईल.' ऐकलं ना, मनकर्णाबाई?"

"आयकलं."

"पलीकडच्या गावच्या नत्थुजीनं भुकटी देऊन सरकी घेतली. पोलिसांनी दोरी लावून दर्यापूरला नेला. तिथलं दूध बंद झालं ते झालंच." मास्तरांची नजर तिच्या गुडघ्याजवळच्या सुपाकडे गेली. सुपात चार वांगी होती, मूठमूठ ज्वारी होती, अंबाडीची जुडी, तुरीच्या शेंगा, एक झेंडूचं फूल. "आणि हे काय?"

"पेल्यातलं हाये, मास्तर."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. सूप तिथंच होतं. "परवा अमरावतीहून साहेब येतोय तपासणीला," ते हळूच म्हणाले.

स्वराज्य येऊन दोन वर्षं झाली होती. वऱ्हाडाचा कारभार अजून मध्यप्रांताला जोडलेला, हुकूम नागपूरहून यायचे. त्या हुकुमांबरोबरच एक दिवस परदेशच्या दुधाची भुकटी पत्र्याच्या पिंपात बसून बोराळ्याला आली. गावानं पिंपाकडे पाहिलं आणि दारं लावून घेतली. कोणी म्हणे हाडाचा चुरा आहे, कोणी म्हणे पोरं बाटवायचं औषध. मनकर्णा विधवा, माळ्याघरची, डोक्यावर टोपली घेऊन भाजी विकणारी. घरात मेलेल्या लेकीची लेक मैना, दोन वर्षांची झाली तरी भिंत धरूनही उभी राहत नव्हती. मनकर्णानं सगळ्यांसमोर पेलाभर दूध आधी आपल्या घशात ओतलं. "मेली त मी मरीन. माह्यामागं रडाले कोण बसलं हाये!" दुसरा पेला मैनेला दिला. ती मेली नाही, मैनाही मेली नाही. दिवाळीपर्यंत मैना अंगणात चालायला लागली आणि गावाची दारं उघडली. मग मास्तरांनी दूध कालवून वाटायचं काम मनकर्णाकडेच दिलं.

पेले सरकारी, अ‍ॅल्युमिनियमचे. दूध तिथंच प्यायचं असा नियम होता. पण उष्टा पेला धुवायचा कोणी? आपल्याकडे भूक जातीशिवाय असते, उष्टं जातीशिवाय नसतं. म्हणून ज्याचा पेला त्यानं घरी न्यायचा, आईनं घासायचा, सकाळी परत आणायचा. आणि वऱ्हाडातली कोणतीही बाई दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाही. काहीच नसलं तर मिठाचा खडा टाकील. म्हणून रोज सकाळी पेल्यांतून सूप भरायचं. ती ज्वारी मनकर्णा शाळेपुढच्या चिमण्यांना टाके, भाजी ज्याच्या घरी नड असेल त्याला देई. हा मोबदला आहे असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

नियम करणारा समुद्रापलीकडे बसला होता. त्याचंही चुकलं नव्हतं म्हणा, नत्थुजीसारखे चोर त्यानं देशोदेशी पाहिले असतील. पण चोर कोण आणि शेजारीण कोण, हे ओळखायला त्याच्या कागदात जागाच नव्हती.

त्या संध्याकाळी मनकर्णा घरोघर फिरली. "उद्यापासून पेले रिकामे आना व माय. हात जोडतो."

पहिल्याच दारात जयवंता उसळली. "रिकामा? लेकराच्या दुधाचा पेला रिकामा धाडू? माह्यं लेकरू जड झालं का तुले?"

"सायेब येऊन राहिला. मले धरून नेईन."

"तुले नेईन त चार दिवसांनी सोडीन. माह्यं लेकरू गेलं त कोण आणून देईन?"

दारोदारी हेच. एकीनं तर दुरूनच हात ओवाळून दृष्ट काढली. मनकर्णाला राग येईना, कारण तिची स्वतःची जीभसुद्धा 'रिकामा' म्हणताना अडत होती. मैनेचा पेला रिकामा ठेवायची वेळ आली असती तर तिनं तरी ठेवला असता का? एकीकडे सरकार, एकीकडे अपशकुन, आणि मध्ये ती. घरी आली तेव्हा मैना दाराची चौकट धरून उभी होती, आजीला पाहून दोन पावलं टाकत आली. दूध बंद झालं की ही पुन्हा भिंतीशी जाऊन बसणार, एवढं एकच चित्र मनकर्णाच्या डोळ्यांपुढे येत राहिलं.

सकाळी आया पोरांना न्यायला आल्या, पोरं दूध पिऊन पेले घेऊन निघाली तशी ती ओट्याच्या पायरीवर आडवी उभी राहिली.

"पेले इथंच ठेवा."

"धुईन कोण?" जयवंतानं कंबरेवर हात ठेवले.

"मी. पेला घरी गेलाच नाई, त वापस कायचा करता?"

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. यात अपशकुन सापडेना. मग सगळ्यांची नजर एकदमच ओट्याच्या टोकाला गेली. तिथं महारवाड्यातली भागरता आपल्या पोराला घेऊन लांब उभी होती, हातात त्याचा पेला. ती तो मागं लपवू लागली.

"आन इकडं," मनकर्णा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

"राहू दे, बाई. मी घासतो माह्या घरी," भागरता पुटपुटली. "तुमाले तरास होईन."

"एक पेला घरी गेला त सगळे जातीन. आन."

तिनं तो पेला बाकीच्यांत ठेवला आणि राख घेऊन घासायला बसली. बायका एकेक करून आपापल्या पोरांना घेऊन निघून गेल्या.

दुपारी दीर किसनराव दारात आला. आत आला नाही, बसला नाही. "उद्यापासून माह्या इहिरीवर पाय ठेवाचा नाई."

"भाऊजी, खाऱ्या पाण्यात भुकटी फाटते. दूध पोट्टे थुकून देतात. तुमालेच ठाऊक हाये, गावात गोडं पाणी तुमच्याच इहिरीले..."

"महाराचं उष्टं धुतलेले हात माह्या इहिरीत? उद्या माह्या मळ्याचं वांगं बजारात कोण घेईन?" त्याच्या आवाजात राग कमी आणि भीतीच जास्त होती. "पाय ठेवला त जातीबाहेर टाकीन. भावाची बायको म्हणून पाहनार नाई."

घरात एकच घागर गोडं पाणी शिल्लक होतं. साहेबाच्या दिवसापुरतं.

साहेब आला. टोपी, खाकी पँट, जीपची धूळ. पिंपात हात घालून पाहिला, पेले उलटे करून पाहिले, पोरांना विचारलं, "दूध के बदले कुछ देना पडता है?" पोरांनी माना हलवल्या. शेवटच्या ओळीतलं जयवंताचं पोट्टं तोंड उघडून म्हणालं, "पयले आमी वांगे..."

मनकर्णानं मास्तरांकडे पाहिलं. दोरी मनगटाला लागल्यासारखी झाली.

"...खात होतो," मास्तर मध्येच बोलले. "आता दूध पितात, साहेब. फरक दिसतो."

साहेब हसला. "बहुत अच्छा. सब नियम से है." जीप गेली. बोराळ्यात नियमानं काय झालं होतं हे त्याला कळलं नाही. कळलं असतं तरी त्याच्या कागदावर त्यासाठी रकाना नव्हता.

पण घागर रिकामी होती. उन्हं कलताना मनकर्णा ती घेऊन मळ्याकडे निघाली. मोटेचा आवाज थांबला होता. तिनं थारोळ्यावर, मोटेचं पाणी पडतं त्या दगडावर, घागर टेकवली, दोराला हात घातला, तोच केळीमागून किसनरावचं खाकरणं ऐकू आलं. ती घागर तिथंच टाकून पळाली. काटे लागले, लुगडं फाटलं, घरात शिरून तिनं कडी लावली आणि मैनेला छातीशी धरून बसली. उद्या खारं दूध, फाटलेलं दूध, थुंकणारी पोरं. मग केंद्र बंद.

सकाळी कडी वाजली. जातीचे लोक आले, असंच तिला वाटलं. दार किलकिलं केलं तर जाऊ, किसनरावची बायको पार्बताबाई उभी, पदर तोंडावर, डोक्यावर तीच घागर. काठोकाठ भरलेली.

"तुई घागर राह्यली होती इहिरीवर," पार्बताबाई मागं पाहत म्हणाली.

"भाऊजीनं पाह्यलं?"

"नाई. तू पयले उतरव." घागर खाली आली. पार्बताबाईचा पदर भिजला होता, ओठ सुकले होते. "रिकामी कशी आनू व, मनकर्णे? दुसऱ्याचं भांडं हाये."

ती आली तशी कुंपणाकडेनं, वाकून, घाईनं निघून गेली.

त्या दिवसापासून मनकर्णा रोज संध्याकाळी आपली घागर किसनरावच्या विहिरीवर विसरू लागली. रोज सकाळी कडी वाजायची. आणि दार उघडण्याआधी, बाहेर पार्बताबाई आहे की किसनराव, या भीतीनं तिचा हात कडीवर थांबायचा. आतून मैना दुधासाठी ओरडायची, मग ती कडी काढायची.