संगणकाच्या खोलीतलं दही

शाळेच्या एखाद्या खोलीत प्लास्टिकच्या खोळी घातलेले संगणक दिसले की ते प्रकरण मला अजून आठवतं आणि हसू आवरत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, बांधावरून निघालेल्या कुऱ्हाडी पाहिल्या. पण ज्याचा तपास दह्यापासून सुरू झाला, असं प्रकरण हे एकच.

मी तेव्हा धारूरच्या घाटाखालच्या एका ठाण्याचा पोलीस निरीक्षक होतो. गावाचं, शाळेचं, माणसांचं नाव सांगणार नाही. त्यातले बहुतेक जण अजून त्याच खुर्च्यांवर आहेत. हिवाळा होता. ऊसतोडीला माणसं गेली की आमच्याकडे गावं निम्मी रिकामी होतात आणि ठाण्यातली वर्दळही कमी होते. अशाच एका सकाळी शाळेसमोरचा चहावाला आला. तो आमचा जुना खबऱ्या.

"साहेब, शाळेचा शिपाई कम्प्युटरच्या खोलीत दही लावायलाय."

"मग? दही लावणं गुन्हा आहे का?"

"तसं न्हाई. ह्या थंडीत कुणाच्याच घरी दही लागंना, अन् ह्याचं कवडीदार लागायलंय. खोली लई गरम हाय साहेब. कम्प्युटर दिवसभर चालू, अन् समोर बसलेलं कुणीच न्हाई. ते इंटरनेटवर पैसे पाडतेत म्हणं, तसलं कायतरी हाय."

खबऱ्या निम्मं पाहिलेलं सांगतो आणि निम्मं पदरचं घालतो. पाहिलेलं निम्मं सोडू नये, हा माझा नियम. गरम खोलीची चौकशी करायची असं मी ठरवलं. पण आमचा खबऱ्या कमालीचा निष्पक्ष माणूस. जी खबर मला दिली, तीच त्यानं शाळेच्या संस्थेच्या अध्यक्षांनाही चहाबरोबर दिली होती. दुपारच्या आत अध्यक्ष मुख्याध्यापकांना घेऊन हजर झाले, हातात तक्रार अर्ज.

अर्जात लिहिलं होतं, की शाळेचे पीटीचे सर, ज्यांच्याकडे संगणक खोलीची किल्ली असते, त्यांनी संगणकांचं कुलूप तोडून आत बेकायदा यंत्रणा बसवली आणि संस्थेच्या विजेवर स्वतःचं उखळ पांढरं करून घेतलं. गुन्हा दाखल करून अटक करावी, ही विनंती.

"आजच्या आज करा साहेब. शाळेची अब्रू हाय," अध्यक्ष म्हणाले.

अब्रूची इतकी घाई असली की मी जरा थांबतो. हवालदाराकडून माहिती घेतली. त्या शाळेला नुकतंच अनुदान मिळालं होतं. म्हणजे ज्या शिक्षकांनी वर्षानुवर्षं बिनपगारी शिकवलं, त्यांना आता कुठे सरकारी पगार सुरू झाला होता. आणि अध्यक्षांच्या साडूचा मुलगा पीटीच्या जागेसाठी शिक्षण घेऊन घरी बसलेला होता. गुन्हा दाखल झाला की सर निलंबित, आणि जागा मोकळी. हे कळलं तेव्हा मला राग आला, तो मी चहाबरोबर गिळला.

गुन्हा नोंदवण्याआधी मी अर्जाची चौकशी लावली आणि सरांना बोलावून घेतलं. सहा फुटी गडी, गळ्यात शिट्टी तशीच. खुर्ची दिली तरी बसेनात, सावधान स्थितीत उभे.

"संगणकांचं कुलूप कसं तोडलं?"

"तोडलं न्हाई साहेब. पोरांनी गेम टाकू नयेत म्हणून कंपनीवाल्यानं पासवर्ड लावलता. तो कुणालाच ठाऊक न्हाई. मी अध्यक्षांचं नाव टाकून बघितलं. उघडलं."

"त्यांचंच नाव का टाकलं?"

"आमच्यात बोअरला त्यांचं नाव, सायकल स्टँडला त्यांचं नाव, पाण्याच्या टाकीला त्यांचं नाव. दुसरं काय असणार?"

मागे उभ्या हवालदाराला खोकला आला. मी त्याला बाहेर पाठवलं.

"आत टाकलं ते काय आहे?"

"रोगावरच्या औषधाचं गणित हाय साहेब. लई मोठं, एका मशीनला झेपत न्हाई. म्हणून शास्त्रज्ञ लोक त्याचे तुकडे करून जगभर वाटतात. ज्याचं मशीन रिकामं, त्यानं एक तुकडा सोडवायचा अन् परत पाठवायचा. कुणीबी करू शकतं."

"पैसे किती मिळतात?"

"पैसे न्हाईत. गुण मिळतात."

"गुणांचं काय करता?"

"बघतो," सर म्हणाले.

तोवरच्या नोकरीत इतका बिनकामाचा लाभ मी ऐकला नव्हता. "पण कावून केलं हे?" मीही त्यांच्याच भाषेवर आलो.

"मी पीटीचा मास्तर. रिकामं बसलेलं बघवत न्हाई मला, पोरगं असू दे न्हाईतर मशीन. आमी संघ केलाय साहेब, संस्थेच्याच नावानं. परदेशातल्या एका कॉलेजला मागं टाकलं." एवढं सांगताना त्यांची छाती फुगली. मग परिस्थिती आठवली असावी. हळू आवाजात म्हणाले, "नोकरी जाईल का साहेब? बायकोनं आत्ताच कुठं शिलाई मशीन झाकून ठेवलंय."

परवानगी न घेता दुसऱ्याच्या वस्तूला हात लावला, ही चूकच, आणि ते मी त्यांना सुनावलं. पण आरोपी खोटं बोलत असला की त्याचे पाय आधी बोलतात. ह्या माणसाचे पाय जमिनीत रोवलेले होते.

दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या सायबर सेलमधल्या एक बाई आल्या. शाळेत सगळ्यांसमोर तपासणी केली. कोपऱ्यात दह्याची पातेली मांडलेली होती. "साहेब, पंचनाम्यात दही घ्यायचं का?" हवालदारानं गंभीरपणे विचारलं. मी म्हटलं, फक्त वास घे.

बाई म्हणाल्या, "हे खरोखरच संशोधनाचं काम आहे, पैशाचा संबंध नाही. आणि ह्या संगणकांवर ते असं बसवलंय, की माऊसला हात लावला की थांबतं. बराच वेळ कुणी हात लावला नाही, तरच परत सुरू होतं." त्यांनी करून दाखवलं.

मुख्याध्यापकांना वाटलं, प्रकरण हलकं होतंय. ते पुढे सरसावले. "थांबतं कसलं? दिवसभर चालूच असतंय. मी रोज खिडकीतून बघतो. शाळा भरल्यापास्नं सुटेपर्यंत एक मिनिट बंद न्हाई. हेबी लिहून घ्या."

मी लिहून घेतलं. मग जबाब त्यांना वाचून दाखवायला घेतला, कारण 'वाचून दाखवला, बरोबर आहे' असं लिहिल्याशिवाय सही घेता येत नाही. सुरुवातीचं वाक्य त्यांनीच आदल्या दिवशी सांगितलेलं होतं: शाळेत प्रत्येक वर्गाला रोज संगणकाचा तास असतो. शेवटचं आत्ताचं: संगणक दिवसभर एक मिनिटही थांबत नाहीत. दोन्ही वाक्यं मी सावकाश, एकापाठोपाठ एक वाचली.

"हात लावला की थांबतं," मी म्हटलं. "मग रोज तासाला पोरं हात लावतात तो कशाला?"

मुख्याध्यापकांचा पेन कागदावर टेकलेला होता, तो उचलला गेला. अध्यक्षांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की मला मुख्याध्यापकांच्याच संरक्षणाची काळजी वाटली.

"हा जबाब शिक्षण विभागाकडं जाईल का?" अध्यक्षांनी विचारलं.

"गुन्हा दाखल झाला तर सगळेच कागद जातात."

तास फक्त कागदावरच होते, नुकतंच मिळालेलं अनुदान अडकलं असतं. अर्ज मागे घेतला गेला. पण तेवढ्यानं भागणार नव्हतं. तक्रार मागे घेतलेला अध्यक्ष डूख धरतो, आणि सरांना हैराण करून घालवायला त्याला पोलीस लागत नाहीत. ते गाडीत बसायला निघाले तेव्हा मी सहज म्हटलं, "तुमच्या संस्थेचं नाव जगाच्या यादीत झळकतंय म्हणे. परदेशातल्या कॉलेजच्या वर."

गाडीचं दार उघडंच राहिलं. "नाव कुणाचं हाय?"

"तुमच्या संस्थेचं."

आठवड्याच्या आत बस स्टँडसमोर फ्लेक्स लागला. मध्ये हात जोडलेले अध्यक्ष, खाली 'मार्गदर्शक' म्हणून मुख्याध्यापक, आणि कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढे पीटीचे सर, शिट्टीसकट. तो पाहून मी गाडी थांबवली आणि पोटभर हसलो. गावादेखत ज्याचं अभिनंदन केलं, त्याला नोकरीतून काढता येत नाही. संस्थेनं रीतसर परवानगीचा ठरावही केला. आणि तपासणी येईल ह्या धास्तीनं शाळेत संगणकाचे तास खरोखर सुरू झाले.

माझी बदली झाली तेव्हा सर निरोप द्यायला आले. चेहरा उतरलेला.

"साहेब, आमचा नंबर लई खाली गेला. पोरं मशीन सोडीनात. मधल्या सुट्टीतबी बसून असतात. मशीन रिकामंच होत न्हाई, तर गणित कधी करणार?"

"वाईट वाटतं का?"

"वाटतं ना. खेळाडू माणूस मी." निघताना म्हणाले, "पण अध्यक्षांना सांगू नका साहेब. फ्लेक्स अजून तसाच हाय."

मी सांगितलं नाही. चोरीची फिर्याद आली की पोलीस पहिल्यांदा विचारतो, वस्तू नेली कोणी? त्या शाळेनं मला आणखी एक प्रश्न शिकवला: मालक तोवर त्या वस्तूचं करत काय होता? पुढच्या नोकरीत तो मी बऱ्याच जणांना विचारला. आरोपी क्वचितच अडखळला, फिर्यादी मात्र पाणी मागायचा.