पालक आणि पाळक

बाईंचं पोट आवाजावर चालायचं. डबिंगच्या स्टुडिओत, फोमनं मढवलेल्या कोंदट खोलीत, कानाला हेडफोन लावून त्या परक्या बायकांच्या तोंडी मराठी घालत. साबणाच्या जाहिरातीतली आई, कार्टूनमधली चेटकीण, खाष्ट आत्या, सगळं करून झालं होतं. रविवारी तोच आवाज चर्चमध्ये शास्त्रपाठ वाचायचा, आणि तिथे त्याला मान होता. म्हाताऱ्या म्हणत, बाईंनी वाचलं की देवच बोलतोय असं वाटतं. बाई संकोचून हसत. पण खोटं कशाला बोला, घरी पोचेपर्यंत ते वाक्य मनात घोळवत.

मग त्यांना मोठं काम मिळालं. भविष्यातल्या एका शहराची मालिका होती. तिथे माणसांना नावं नाहीत, नुसते आकडे. भिंतींना कान असतातच, तिथे डोळेही. आणि सगळ्यांवर राज्य करतं एक यंत्र. भाषांतर करणाऱ्यानं यंत्राचं नाव ठेवलं ‘पालक’. बाईंनी आधी धातूसारखा कडक आवाज लावला. दिग्दर्शकानं मान हलवली.

"धाक नको, बाई. माया हवी. इतकी की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आला पाहिजे."

मायेचा म्हणावा असा एकच आवाज बाईंपाशी होता, रविवारचा. तो त्यांनी लावला. दिग्दर्शक म्हणाला, हाच.

मालिका घरोघरी पोचली. एका रविवारी बाई वाचायला उभ्या राहिल्या. मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावानं हाक मारतो, तो भाग होता. पुढच्या बाकावरची एक चिमुरडी आईच्या मागे दडली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं कुजबुजली, "आई, पालक आला." मंडळी हसली. चिटणीस हसले नाहीत.

चर्चच्या पंचांचे हे चिटणीस निवृत्त शाळा तपासणीस होते आणि निवृत्ती त्यांना मान्य नव्हती. त्यांनी बैठक बोलावली. मालिकेनं एका अक्षराच्या फरकानं पाळकांची, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंची, टिंगल केली आहे, आणि त्या शहरात देवाचा पत्ता नाही, असे दोन आक्षेप घेतले. पाळकसाहेब सौम्य माणूस. ते म्हणाले, टिंगल सोसू. पण न बघता निकाल द्यायचा तरी कसा?

म्हणून शनिवारी दुपारी, चर्चच्या हॉलचे पडदे ओढून, पंच मालिका बघायला बसले. पहिला भाग चिटणीसांनी कर्तव्य म्हणून पाहिला, दुसरा संदर्भासाठी. पुढे पुढे ते आपली खुर्ची पुढे ओढू लागले, आणि कुणी खोकलं की भाग मागे घ्यायला लावू लागले. मालिकेतल्या माळ्याला दगा कुणी दिला, यावर दोन पंचांचा अबोला झाला. पाळकसाहेब मधेच विचारत, "या शहरात कुणी कुणाला क्षमा करतं का हो?" पण तोवर पुढचा भाग सुरू झालेला असे.

घरी बाईंच्या सासूबाईही प्रार्थना आटोपून तीच मालिका लावत.

"या पालकाचं चुकतं कुठे?" त्या म्हणाल्या. "रस्ते झाडलेले, पोरं वेळेवर घरी. देवाला तरी दुसरं काय हवंय?"

बाई म्हणाल्या, तिथे कुणाला नाही म्हणता येत नाही.

"तुझ्या सासऱ्यांपुढे मला तरी कुठे म्हणता यायचं?"

बाई भाजी निवडायला स्वयंपाकघरात गेल्या. भिंतीपलीकडून त्यांचाच आवाज येत होता, आणि तो त्यांनी पहिल्यांदाच ऐकणाऱ्याच्या कानानं ऐकला. पालक सगळं गोड बोलत होता, पण दोन वाक्यांत फट ठेवत नव्हता. उत्तराची त्याला गरजच नव्हती. आपण रविवारी कधी फट ठेवतो, ते बाईंना आठवेना.

पंचांनी त्यांना बोलावून निकाल सांगितला: मालिका श्रद्धेला घातक, विश्वासणाऱ्यांनी बघू नये. मग चिटणीसांनी घसा साफ करून विचारलं, त्या माळ्याचं पुढे काय होतं? बाई म्हणाल्या, कॉन्ट्रॅक्ट आहे, सांगता येत नाही. पाळकसाहेबांनी मात्र त्यांचं मत विचारलं.

"मालिका खोटं सांगत नाही, साहेब. गोड बोलणाऱ्याला माया असतेच असं नाही," बाई म्हणाल्या. "फक्त मालिका तिथेच थांबते. खरी माया असलेला कुणी असेल, हे तिच्या डोक्यातच येत नाही."

चिटणीस म्हणाले, हे अहवालात बसायचं नाही.

पुढच्या रविवारी बाईंनी रोजच्या, लेकीला जेवायला हाक मारायच्या आवाजात वाचलं. मधे थांबल्या, एकदा अडखळल्याही. चिमुरडी दडली नाही. बुटाच्या नाडीशी खेळत बसली. उपासनेनंतर म्हाताऱ्यांनी घशावर औषधं सुचवली. काही रविवार असेच गेल्यावर पंचांनी बाईंच्या प्रकृतीचा विचार करून वाचन चिटणीसांकडे दिलं. त्यांनी तयारी केली होती. मऊ, पाकात घोळलेल्या आवाजात, कुठेही न थांबता, ते वाचत गेले. मंडळी तल्लीन झाली. सासूबाई बाईंच्या कानाशी म्हणाल्या, "बघ, असं वाचायचं असतं."

बाईंना वाईट वाटलं, बरेच दिवस वाटलं. मालिकेचं काम त्यांनी सोडलं नाही. पालकाचा आवाज आता त्यांना अधिकच छान जमू लागला. पाळकसाहेबांनी त्यांना दवाखान्यात आजाऱ्यांना वाचून दाखवायला सुचवलं. पहिल्याच दिवशी खाटेवरच्या एका म्हाताऱ्यानं हात वर केला.

"थांबा. हे मला पटत नाही."

बाई थांबल्या. पुस्तक मांडीवर ठेवून त्यांनी विचारलं, "का?"