शुद्धिपत्राच्या दोन ओळी

…तर ब्लॉक पानात मावेना, इथवर आलो होतो आपण. आकृती कोरलेला जस्ताचा ब्लॉक म्हणजे काही चादर नव्हे, घडी घालून लहान करायला. आणि कर्जतच्या छापखान्यात गोमा जुळाऱ्यापुढे असे तीन पडलेले.

गोमा शेलूचा. चौथीनंतर शाळा सुटली, पण छपाईचे शिशाचे खिळे जुळवण्यात असा हात बसला की सतरा वर्षांत त्याच्या कामाला शुद्धिपत्र लागलं नव्हतं. लग्नपत्रिका घेऊन लोक पार खालापुराहून यायचे. एका बापानं तारीख लिहिली एक नि वार भलताच. गोमानं पंचांग उघडून वार दुरुस्त केला, नाहीतर वऱ्हाड मंगळवारी जेवून गेलं असतं नि नवरा बुधवारी आला असता. असा तो.

शाळेतला त्याच्याच बाकावरचा चांगो मात्र शिकत गेला आणि मुंबईत भौतिकीचा प्रोफेसर झाला. साल असेल अडुसष्ट. नळाची तोटी एकदम बंद केली की आतल्या पाण्याचा दाब कसा चढतो-उतरतो, यावर त्यानं मराठीत निबंध लिहिला. शास्त्रमंडळाच्या सभेत वाटायचा, आणि मंडळाची अट अशी की पानं चारच. आकृत्यांसकट होत होती साडेपाच. मुंबईच्या छापखान्यांनी हात वर केले, तेव्हा चांगोला बालमित्र आठवला.

दोन ब्लॉकांच्या कडा तासून गोमानं ते शेजारी शेजारी बसवले. तिसरा, दाबाच्या आलेखाचा, काही केल्या बसेना. तेव्हा तो त्यानं नव्यानंच केला. दोन पितळी पट्ट्या सरळ उभ्या-आडव्या लावल्या, तिसरी पेन्सिलीभोवती हळूहळू वाकवली, आणि कर्कटकानं मोजून एकेक बिंदू निम्म्या मापावर आणला. उरलेल्या जागेत आकड्यांचा तक्ता घातला. आधी तो पलीकडच्या पानावर होता. पानं चार झाली, वर बोटभर जागाही उरली. गोमा त्या दिवशी दोन चहा प्यायला.

पण तक्ता शेजारी आला नि त्याला दिसलं, की तिसऱ्या सेकंदाला तक्त्यात दाब अठरा आहे आणि आकृतीत बावीस. मूळ ब्लॉक पुन्हा मोजला, तिथंही बावीसच. मग प्रुफाच्या समासात प्रश्नचिन्ह घालून पाठवलं. चांगोचा शेरा आला, ‘आकृती आहे तशीच ठेवावी’, खाली सही. गोमाला वाटलं, असेल काही शास्त्रातलं, आपण पडलो चौथी शिकलेले. प्रूफ त्यानं नेहमीसारखं मालकाच्या दाराशी असलेल्या तारेला टोचून ठेवलं.

सभेत पहिल्याच म्हाताऱ्या शास्त्रज्ञानं नेमकं तिथं बोट ठेवलं. सगळ्यांसमोर चांगोनं सांगून टाकलं, की ही छापखान्याची चूक, शुद्धिपत्र काढतो.

रविवारी तो कर्जतला आला तो गोमाकडे नाही, आधी मालकाकडे. बुधाजीशेठ अर्धा तास त्याच्याशी दाराआड बोलले. बाहेर येऊन त्यांनी गोमाच्या खिळ्यांच्या केसवर चिठ्ठी ठेवली आणि त्याच्याकडे न बघता म्हणाले, की कॉलेजचं वर्षभराचं काम मिळतंय, एवढ्या ओळी आजच लाव. चिठ्ठीत चांगोचं वळणदार अक्षर होतं: ‘जुळाऱ्याच्या हयगयीमुळे आकृती तीनमध्ये चूक राहिली आहे. क्षमस्व.’

गोमानं ते दोनदा वाचलं. तो तारेकडे गेला, गठ्ठा वरपासून खालपर्यंत चाळला. सहीचं प्रूफ नव्हतं. मागं वळला तर चांगोच्या सदऱ्याच्या खिशातून त्याची घडी डोकावत होती.

एरवी छापखान्यात पुस्तकी बोलणारा चांगो त्या दिवशी शेलूचं बोलायला लागला. गोमाला तेच जास्त लागलं.

“गोमा, दोनच ओळी हायत रं. तुजं नाव तरी घातलंय का मी? आन तू तक्ता बाजूला आनला नसतास, तर कोनाच्या ध्यानात आलं असतं?”

गोमानं हात पुसले. खिळ्यांची केस त्यानं उचलून चांगोपुढे सरकवली आणि सावकाश म्हणाला,

“नाव नाय घातलंस, खरं हाय. पन ह्या छापखान्यात जुळारी मी येकलाच, ह्ये समद्या कर्जताला म्हाईत हाय. तवा ह्या दोन ओळी तुज्या तू जुळव, चांगो. प्रूफ मी तपासतो, आन चूक दिसली तर इचारीन. मागल्या खेपंला इचारलं व्हतं तसंच.”