शेवंताताईंनी फाडलेली पावती

शेवंताताई आधी गाडीची नंबर प्लेट बघत, मग माणसाचं तोंड. नांदेडला त्यांच्या गल्लीत मी राहायला गेले, त्या दिवशी टेम्पोतून सामान उतरत होतं. समोरच्या घरातून पांढरा शर्ट आणि खाकी पँट घातलेली एक उंच बाई बाहेर आली, माझ्या स्कूटीमागे वाकली आणि म्हणाली, "बाई, तुमचा शेवटचा आकडा पुसून राहिला. तीन हाय का आठ हाय, समजंना." मी शाळेत शिकवते हे तिला कुणी सांगितलं होतं कुणास ठाऊक. मी काही बोलायच्या आत ती घरात गेली आणि चहाचे दोन कप घेऊन परत आली.

त्या वाहतूक शाखेत हवालदार होत्या, मूळच्या देगलूरकडच्या. वडील लहानपणीच गेले. आईनं लोकांच्या रानात खुरपून शेवंताताईंना आणि धाकट्या बालाजीला वाढवलं. ताई पोलिसात लागल्या. बालाजी गावीच राहिला, पिठाची गिरणी चालवायला लागला आणि आईला त्यानं सांभाळलं. ताईंची मुलगी लग्न होऊन लातूरला होती. नवऱ्याचा विषय त्या काढत नसत, म्हणून मीही काढला नाही.

माझ्या शाळेजवळच्या चौकात त्यांची ड्यूटी असायची. सिग्नल तोडणाऱ्याला त्या एखाद्या वेळी समज देऊन सोडत, पण नंबर प्लेटशी खेळ केलेला त्यांना खपत नसे. कुणी आकडे वळवून 'दादा' केलेलं असायचं, कुणी प्लेट वर वाकवलेली, कुणी चिखल थापलेला. ताई दंडाचं मशीन काढून त्यावर फोटो घेत आणि म्हणत, "नंबर म्हंजे गाडीचं नाव हाय बाबा. नाव कोण लपवतं? ज्याला पळून जायाचं हाय तो."

या कडकपणाला कारण होतं. अर्धापूरच्या रस्त्यावर केळी विकणाऱ्या एका म्हाताऱ्याला एक गाडी उडवून गेली होती. बघणाऱ्यांना प्लेटवर फक्त 'साहेब' एवढंच वाचता आलं. गाडी सापडली नाही. म्हाताऱ्याची बायको बरेच दिवस चौकीवर येऊन बसायची. ताई मला म्हणाल्या होत्या, "ती इचारायची, घावला का गं तो साहेब? आता ह्या जिल्ह्यात कोणत्या साहेबाला धरू मी?"

एका दुपारी शाळा सुटल्यावर मी त्या चौकात सिग्नलला थांबले होते. ताईंनी एका मोटारसायकलवाल्याला बाजूला घेतलं होतं. तेवढ्यात एक पांढरी गाडी आली. जुनीच, पण धुऊन पुसून चकचकीत केलेली. पुढच्या प्लेटवर मोठ्या लाल अक्षरांत 'माय' लिहिलेलं आणि खाली मुंगीएवढे आकडे. ताईंनी हात केला. काच खाली झाली आणि आतून बालाजी हसला.

"अक्का, घेतली बघ गाडी! माय हाय मागं. तुलाच दाखवाया आणलं तिला."

मागच्या सीटवर त्यांची आई नवं लुगडं नेसून बसली होती. ताईंचा चेहरा क्षणभर उजळलेला मी पाहिला. पण तो मोटारसायकलवाला मोठ्यानं म्हणाला, "मॅडम, आता घ्या की फोटो! का नियम आमालाच हाय?" आजूबाजूचे हसले.

ताईंनी मशीन वर केलं.

"अक्का, घरी गेल्या गेल्या काढतो," बालाजी हळू आवाजात म्हणाला. "मायचं नाव हाय गं ते."

इथवर सगळं ठीक होतं. दंड लावून त्या गप्प बसल्या असत्या तर संध्याकाळी सगळे एकत्र जेवले असते. पण गर्दी बघत होती. ताई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मायचं नाव पाटीवर रंगवून माय सांभाळली म्हणत नसतेत. घरात बघत जा तिला."

बालाजीचं हसू गेलं. आईला आंघोळ घालणारा, औषध देणारा, तिच्यासाठी गिरणी बंद ठेवून दवाखान्यात बसणारा तो होता. हे ताईंइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हातारी काचेतून लेकीकडे बघत राहिली. बालाजीनं काच वर केली, गाडी तिथूनच वळवली आणि आला त्या रस्त्यानं देगलूरला निघून गेला.

संध्याकाळी ताई माझ्या पायरीवर येऊन बसल्या. वर्दीसुद्धा बदलली नव्हती. "दंड बरोबर हाय की न्हाई, बाई?"

"बरोबर आहे," मी म्हटलं. "पण ते पुढचं..."

"हाव," त्या म्हणाल्या. "त्या चार टवाळांपुढं मोठं व्हायाचं होतं मला. भाऊ सापडला हाताशी."

त्यानंतर त्यांची आई लेकीकडे यायची ती एसटीनं. गुडघे दुखायचे, बसची पायरी चढवायची नाही, पण त्या गाडीत ती परत बसली नाही. "जिच्यापायी माझी लेकरं अबोल झाली, तिच्यात कशी बसू?" असं म्हणायची आणि पिशवीतून आणलेल्या शेंगा निवडायला घ्यायची.

भाऊबीजेला ताई देगलूरला निघाल्या तेव्हा मला सोबत घेऊन गेल्या. एकटीनं जायचा त्यांना धीर होत नव्हता. अंगणात गाडी उभी होती, पांढऱ्या प्लेटवर काळे, सरळ, स्वच्छ आकडे. ओवाळून झाल्यावर ताट खाली न ठेवताच ताई म्हणाल्या, "बाला, माझं चुकलं रे. दंड लावला त्याचं न्हाई म्हणत. बोलले त्याचं."

बालाजी रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "दंडाचं काय न्हाई, अक्का. तो दुसऱ्या दिशी भरला अन् संपला. तुमचं बोलणं कुठं जाऊन भरू, सांगा."

'तुमचं' म्हणाला तो, 'तुझं' नाही. ताईंनी ताट खाली ठेवलं.

पुढच्या पावसाळ्यात त्यांची आई वारली. मीही देगलूरला गेले होते. तिला उचलताना बालाजी बहिणीला म्हणाला, "अक्का, तुम्ही डोक्याकडून या." गावातल्या बायकांना वाटलं, पोलिसात आहे म्हणून भाऊ किती मान देतो.

ताईंनी दंड लावणं सोडलं नाही. फोटो काढायच्या, मशीन पुढं करायच्या आणि गप्प उभ्या राहायच्या. समोरचा कितीही बोलो. नव्यानं लागलेल्या मुली चौकात कुणावर ओरडल्या तर त्यांना बाजूला घेऊन म्हणायच्या, "पावती फाडावी, माणूस फाडू न्हाई." मुली हसायच्या, त्यांना ते गमतीचं वाटायचं.

निवृत्तीनंतर त्या लातूरला मुलीकडे राहायला गेल्या. मागच्या उन्हाळ्यात मी भेटायला गेले होते. केस पांढरे झालेले, पाठ थोडी वाकलेली. आम्ही बोलत होतो तेवढ्यात बालाजीचा फोन आला. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. आवाज मलाही ऐकू येत होता. "अक्का, तुम्ही आठ दिस आधी या. तुमच्याबिगर कार्य न्हाई. गाडी पाठवतो तुम्हाला न्यायला." ताई 'हाव, हाव' म्हणत राहिल्या.

फोन ठेवून त्या पदरानं चष्मा पुसायला लागल्या.

"बघा, किती मानानं बोलावतोय," मी म्हटलं.

"हाव. लई मानानं," त्या म्हणाल्या. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, "एकदा नुसतं 'ये गं अक्का' म्हणला असता ना बाई, तर पायी गेले असते मी देगलूरला."