दमा नव्हता, चीर होती

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, सकाळी अकराला, आमच्या ओपीडीत कोहक्याच्या वनिता मेश्रामवर अन्याय झाला. करणारे आम्ही डॉक्टर. तिची चौदा महिन्यांची परी चौथ्यांदा न्यूमोनिया घेऊन आली होती. फाइलवर आधीपासून 'दमा' लिहिलेलं. मी, कान-नाक-घशाची डॉक्टर, मुकाट्याने तेच खाली उतरवलं. वर "आई पाजते चुकीचं" असंही बोलले. शेजारी सासू उभी. त्या दिवसापासून तिने वनिताला लेकीला भरवूच दिलं नाही.

दोन दिवसांनी वॉर्डात वनिताने मला अडवलं.

"मॅडम, आता तं सासूबाई भरवून राहिल्या. तरी ठसका लागतेच. मंग चूक कोनाची?"

"कशाने लागतो?"

"पातळ देलं का. पाणी, दूध, भाताची पेज. रव्याची घट्ट खीर देली तं काहीच नाई. कवाची सांगून राहिली मी, आयकते कोन?"

मी सरळ आमच्या सर्जन सरांच्या केबिनमध्ये. सर दुर्गचे, जुन्या मराठी घरातले.

"सर, दमा पाणी आणि खिरीत फरक करत नाही."

"अगं, घशाची दुर्बीण झाली ना? नॉर्मल आहे."

"नुसतं बघितलं. स्वरयंत्राची मागची बाजू चाचपली कुणी?"

"गावोगाव वाटायला आरोग्याची पत्रकं छापतेस, तसं झटपट निदान करू नको."

"चुकले तर पुढचे सगळे खेड्यातले कॅम्प मी एकटी करीन."

"वीस मिनिटं ऑपरेशन थिएटर देतो. बस."

गोष्ट साधी आहे. पुढे श्वासनलिका, मागे अन्ननलिका, मध्ये भिंत. क्वचित एखाद्या बाळात ही भिंत वरून अपुरी राहते. पातळ पदार्थ त्या फटीतून फुप्फुसात उतरतो. चीर किती खोल, त्यावरून चार टाइप. पहिला स्वरतंतूंच्या वरच थांबतो, चौथा छातीपर्यंत जातो. पण आतलं मऊ अस्तर दोन्हीकडून मिटून चीर झाकतं. नुसतं बघून कळत नाही.

परीला भूल दिली. दुर्बिणीतून दिसायला सगळं ठीक. मी बारीक सळई मागच्या बाजूला टेकवली, अस्तर बाजूला केलं. सळई आत गेली. स्वरतंतूंच्या खाली, कुर्चेच्या, म्हणजे मऊ हाडाच्या, कडीत जाऊन अडली.

सरांनी सळई हातात घेतली. स्वतः चाचपलं.

"टाइप टू," ते म्हणाले. "आणि ते 'दमा' खोड. माझ्यासमोर."

खोडलं. मग बाहेर येऊन सासूला सांगितलं, "चूक तुमच्या सुनेची नव्हती. माझी होती."

रायपूरला तोंडातूनच, दुर्बिणीने टाके पडले. काही महिने घट्टच खाणं, मग तपासणी. ती चांगली आली, त्या दिवशी आमच्या ओपीडीत वनिताने परीला वाटीने पाणी पाजलं. ठसका नाही. आता आमच्या दुर्बिणीच्या रिपोर्टवर एक जादा ओळ असते: 'मागची बाजू चाचपली: हो / नाही'. ती ओळ मी भांडून घालून घेतली. मला तिचा अभिमान आहे.

तुमच्या घरचं मूल पातळ पिताना दर वेळी ठसकत असेल, छाती पुन्हा पुन्हा भरत असेल, तर आईला बोलणं आजच बंद करा. डॉक्टरांपुढे बसा आणि विचारा, "दुर्बिणीत स्वरयंत्राची मागची बाजू चाचपली का?" उत्तर लेखी घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.